माझ्या टाचेएवढं भोक

मित्रांनो, मी मापाची काठी. माझं अंग सागाचं आणि टाच पितळेची आहे. अंगावर वरपासून खालपर्यंत रेघा कोरल्या आहेत. पेट्रोल पंपाच्या जमिनीखाली मोठी टाकी असते. तिच्यात मला सोडायचं, वर काढायचं आणि कुठल्या रेघेपर्यंत मी ओली झाले ते पाहायचं. पंपावर याला 'डिप घेणं' म्हणतात. आता मी जुनी झाले आहे, पण जे घडलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

पंपाच्या मॅनेजरांना सगळे रेघकाका म्हणत, कारण ते कुणाला एका रेघेचीही सूट देत नसत. रोज सकाळी सातला ते झाकण उघडत, मला टाकीत उतरणाऱ्या नळीत धरत आणि हात सोडून देत. मी सरळ तळावर आपटायचे. टण्ण! तो आवाज आला की त्यांचा चेहरा खुलायचा.

"टेकली. आता हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

बावीस वर्षांत एकही सकाळ चुकली नाही. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग एका उन्हाळ्यात मी रोज विक्रीच्या हिशोबापेक्षा अर्धी रेघ कमी दाखवू लागले. "ऊन पितंय," रेघकाका म्हणाले. थंडीतही तेच झालं. "गारठ्याने आकसतं," ते म्हणाले. अर्ध्या रेघेला त्यांच्याकडे नेहमी कारण असायचं.

पंपामागच्या दोन खोल्यांत ते राहत. दारातच विहीर होती. त्या वर्षी त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. चौथ्या दिवशी ती हातात पेला घेऊन थेट पंपावर आली.

"बाबा, पाण्याला पेट्रोलचा वास येतोय."

"अगं, वास माझ्या सदऱ्याला येतो. बावीस वर्षं येतोय. तुझं नाक आज उघडलं का?"

"सदरा दोरीवर आहे, बाबा. वास पेल्यात आहे."

"टाकी गळत असती तर काठीने सांगितलं असतं. ती माझ्याशी खोटं बोलत नाही."

मित्रांनो, मी सांगतच होते! रोज अर्धी रेघ.

मुलगी वाद घालत बसली नाही. त्या दिवसापासून बाळासाठी ती लांबच्या नळावरून पाणी आणू लागली. विहिरीचं पाणी बाटलीत भरून तिने तपासणीच्या कचेरीत नेऊन दिलं. आठवड्याने माती तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी टाकी आणि विहीर यांच्यामध्ये तीन ठिकाणी खोल भोकं पाडली. वर आलेली माती पिशवीत बांधून ठेवली आणि थोड्या वेळाने पिशवीच्या तोंडाशी वाफ हुंगणाऱ्या यंत्राची नळी धरली. यंत्र किंचाळलं. मग विहिरीजवळच्या भोकात त्यांनी पारदर्शक नळी सोडून वर काढली. खाली पाणी होतं आणि त्यावर दोन बोटं पिवळसर पेट्रोल.

"मातीतून झिरपत पाण्यापर्यंत गेलं," बाई म्हणाल्या. "तिथे ते तरंगतं आणि पाणी जाईल तिकडे जातं."



टाकी रिकामी करून, उकरून वर काढली. बाहेरून ती धडधाकट होती. तळाला मात्र एकच भोक होतं, गोल आणि गुळगुळीत, बरोबर माझ्या नळीच्या खाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मला उचललं आणि माझी टाच त्या भोकावर ठेवली.

ती आत बसली. केसाएवढीही फट उरली नाही.

मी थिजले. माझं काम होतं टाकी राखण्याचं. आणि रोज एकाच जागी आपटून मीच तिचा पत्रा झिजवला होता!

"म्हणजे मीच?" रेघकाकांनी विचारलं. ते मातीच्या ढिगावर बसले होते.

"एका दिवसात नाही झालं, काका. आधी सुईच्या टोकाएवढं असेल, खालच्या घट्ट मातीमुळे हळूहळूच गळत राहिलं. खाली जाड पट्टी हवी होती. ती कुणी बसवलीच नाही."

"टण्ण वाजल्याशिवाय मला चैन पडायची नाही हो." मग ते मुलीकडे वळले. "तू नाकाने सांगितलंस, आणि मी काठीला विचारत बसलो."

मुलगी त्यांच्या शेजारी मातीत बसली.

बाळाचं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. विहिरीवर झाकण पडलं, ते आजही तसंच आहे. माती आणि पाणी स्वच्छ व्हायला अजून किती वर्षं लागतील, ते बाईंनाही सांगता येत नाही. रेघकाका पुढच्या वर्षी गेले. डॉक्टर म्हणाले, आजाराचा त्या पाण्याशी संबंध नव्हता. मुलीने पुन्हा विचारलं नाही. पण जाण्याआधी नव्या टाकीच्या तळाला पट्टी बसवून घेतल्याशिवाय त्यांनी पंप सोडला नाही. काठी शेवटच्या हातभर अंतरावर कशी थांबवायची, मग कशी हळूच टेकवायची, हे त्यांनी पंपावरच्या एकेकाला हात धरून शिकवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हणालं की पाण्याला वास येतोय, तर आधी पेला खाली ठेवा. वाद मागाहून घाला. मी किती खरी, किती अचूक, असं लोक म्हणत तेव्हा माझ्या टाचेखाली काय चाललं होतं, ते मलाही कळलं नव्हतं.

आता मी त्या मुलीच्या घरी असते. बाळ चार वर्षांचं झालं आहे. दर महिन्याला ते माझ्याकडे पाठ करून ताठ उभं राहतं आणि ओरडतं, "आई, किती रेघा?"

मोजण्याआधी ती मला दोन्ही हातांनी धरते आणि फरशीवर टेकवते. इतकी हळू, की आवाज होत नाही.