दुधी ठिपका

दात बनवणाऱ्याला माणसं चेहऱ्यानं कमी आणि दातांनी जास्त लक्षात राहतात. थोरल्याची तर त्यातच तीस वर्षं गेली. दवाखान्यातून साचा यायचा, चिठ्ठी यायची, की हा बसला दात घडवायला. कुणाला पिवळेपणा नको, कुणाला फट नको, कुणाला वर चढलेला सुळा नको. सगळ्यांना हवेत पांढरेफटक, भिंतीला चुना मारल्यासारखे. थोरला मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचा आणि मुकाट्यानं करून द्यायचा.

त्या सकाळी डबी उघडली तर साच्यासोबत समोरच्या दाताची एक जुनी, तडकलेली कॅप. चिमट्यात धरून त्यानं ती दिव्याखाली नेली. कॅपच्या कडेला तिळाएवढा दुधी ठिपका होता.

तसा ठिपका त्याच्या आईच्या दातावर होता. तिच्याकडून तो दोन्ही मुलांकडे आला. धाकटा सायकलवरून पडून दात मोडून बसला, तेव्हा थोरल्यानंच ही कॅप केली होती आणि नुसता ठिपका रंगवायला अख्खा दिवस घालवला होता. आता पुन्हा माझा लेक दिसतोस, असं आई धाकट्याला म्हणाली होती. पुढे दोघं भाऊ एकत्र काम करायला लागले आणि बारा वर्षांपूर्वी एका बिघडलेल्या कवळीवरून भांडले. हो, नुसत्या कवळीवरून! पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं थोरला बोलून गेला आणि धाकट्यानं ते शब्दशः पाळलं. त्याला शोध रे, म्हणून आई रोज विनवायची. हा शहाणा म्हणायचा, कुठे जातोय, येईल झक मारत.

आई आठ महिन्यांपूर्वी गेली. धाकट्याला कळवायला पत्तासुद्धा नव्हता.

आणि ही चिठ्ठी दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्याची. दोन गल्ल्या! पेशंटच्या नावाच्या जागी नुसता नंबर, खाली डॉक्टरीणबाईंचं अक्षर: "रंग जुळवायला आज स्वतः या. ठिपका हुबेहूब हवा. रविवारी पेशंट बऱ्याच वर्षांनी आईला भेटायला जाणार आहे. तिनं बघताक्षणी ओळखलं पाहिजे, म्हणतो."

रंगाच्या नमुन्यांची पट्टी घेऊन थोरला कसाबसा दवाखान्यात पोचला. खुर्चीत धाकटा आडवा होता, केस पिकलेले, ओठ दोन्हीकडून प्लॅस्टिकच्या क्लिपनं ताणून धरलेले. भावाला बघून तो आधी दचकला, मग त्याचे डोळे हसले. लवकर करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दात कोरडे पडले की फिके दिसतात, मग रंग चुकतो. थोरल्यानं पट्टी दाताजवळ नेली.

तशा ताणलेल्या तोंडातून धाकट्याला बाकी काही बोलता येईना. एकच शब्द स्पष्ट बाहेर आला.

"आई?"

थोरल्यानं पट्टी खाली ठेवली.

"गेली रे," तो म्हणाला. "तुझी वाट बघत गेली."

क्लिपमुळे धाकट्याला ओठ मिटता येईनात. डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहत होतं, आणि तोंड तेवढं सगळे दात दाखवून हसत राहिलं.