दुसरीतला पहिला नंबर

इंद्रजीत राठोड पेढ्यांचा डबा काखेत मारून शाळेच्या दाराशी पोचला, तेव्हा आत मारोती सर हजेरी घेत होते. तो चपला काढून बाहेरच थांबला. हजेरीच्या वेळी मध्येच घुसायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस होता तो.

गड्याचा रुबाब बघण्यासारखा होता. महागावात उतरून दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. इंद्रजीत ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. दिवाळी झाली की तांड्यातली जोडपी ट्रकात बसवायची, साखर कारखान्याच्या मुलखात न्यायची आणि होळीला परत आणायची, हे त्याचं काम. बायको शीला त्याच्यासोबत तिकडेच असायची. सात वर्षांच्या सलोनीला मात्र यंदा त्याने आपल्या आईपाशी, लालीबाईपाशी, तांड्यातच ठेवलं होतं. आपली पोर शिकली पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

आणि पोरीनेही नाव काढलं. चाचणी परीक्षेत दुसरीत तिचा पहिला नंबर आला. फोनवर हे कळल्यापासून इंद्रजीतने महिनाभर फडावर कुणाला दुसरा विषय काढू दिला नव्हता. कोयता पाजळणाऱ्याला सांगितलं, मोळी बांधणाऱ्या बाईला सांगितलं, कारखान्याच्या दारावरच्या शिपायालाही सोडलं नाही. "हुशार हाय तुमची पोरगी, मुकादम," असं म्हणून माणसं मान डोलवायची आणि पुन्हा उसाला लागायची. उद्या सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे सलोनीला बक्षीस मिळणार होतं. त्यासाठी तो दोन दिवसांची सवड काढून रातोरात निघून आला होता.

"दुसरीचा वर्ग," आतून सरांचा आवाज आला. "बंटी लखीराम."

"ऊस तोडाले गेला, सर."

आवाज सलोनीचा होता. इंद्रजीत गालातल्या गालात हसला. पोरगी दुसऱ्याचीही उत्तरं द्यायला लागली म्हणायची.

"सुरभी धरमसिंग."

"गेली, सर."

"विक्की डोंगरसिंग."

"गेला."

"खुशी गोविंद."

"गेली."

चौथ्या नावाला त्याचं हसू थांबलं. नावं मात्र थांबेनात. प्रत्येक नावाला तोच एक आवाज उत्तर देत होता, पाढे म्हणावेत तसा, न अडखळता. आणि त्यातलं प्रत्येक पोर इंद्रजीतने आपल्या हाताने ट्रकात चढवलं होतं. सुरभी तर झोपेत होती. तिला त्यानेच उचलून भांड्यांच्या पोत्यावर निजवलं होतं. डोंगरसिंग जरा कुरकुरला होता. "पोराची शाळा बुडते ना, मुकादम," म्हणाला होता. तेव्हा यानेच त्याला समजावलं होतं, "शाळा काय पळून जाते का? घेऊन चाल पोराले. फडावर झोपडीत लहान्या लेकराईले पाहाले कोणी पायजे का नाही?"

"सलोनी इंद्रजीत."

"हजर, सर."

इंद्रजीतने आत डोकावून पाहिलं. खोलीत चारही वर्ग एकत्र बसत होते. भिंतीजवळच्या बसकरपट्टीवर सलोनी एकटी होती, पण ती पट्टीच्या मधोमध बसली नव्हती. एका कडेला, दोघा-तिघांची जागा सोडून आपल्या ठरलेल्या ठिकाणी बसली होती. पलीकडची सगळी पट्टी रिकामी होती. दाराची चौकट धरून तो उभा राहिला.

त्याला पाहून सर बाहेर आले.

"सर, दुसरीत पोरं किती हायेत?" त्याने विचारलं.

"पटावर बारा."

"आन् बसते किती?"

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांना वाटलं, हा गंमत करतो आहे.

"तुमाले मालूम नाही का, मुकादम? तुमीच तं नेले."

"मंग तो पहिला नंबर..."

"दिवसभर एकलीच बसते हो ते. तिचं मन रमावं म्हणून म्या म्हटलं, पहिला नंबर." सर थोडे ओशाळले. "पण पोरगी हुशार हाय, हे खोटं नाही. सारं पुस्तक वाचून दाखवते."

इंद्रजीतला पुढचं नीट ऐकू आलं नाही. महिनाभर ज्यांच्यापुढे त्याने पोरीचं कौतुक मिरवलं, त्यांचीच ही पोरं होती. त्यांच्यातला एकही उलटून बोलल्याचं त्याला आठवेना. त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, की ध्यानात येऊनही मुकादमापुढे ती माणसं गप्प राहिली, हे त्याला समजेना. काहीही असलं तरी त्याला लाज वाटली. एवढी लाज त्याला आजवर कशाचीच वाटली नव्हती.

तेवढ्यात सलोनी धावत येऊन त्याच्या कमरेला बिलगली.

"बापू, याडीले फोन लाव ना. तिले कविता ऐकवाची हाय."

त्याने तिच्या याडीला, शीलाला, फोन लावला. ती फडातच होती. सलोनीचा आवाज ऐकताच तिच्याभोवती पोरांचा गलका झाला आणि कविता तशीच राहिली. कुणीतरी शीलाच्या हातातून फोन घेतला.

"सलोनी, मी सुरभी. तुले पहिला नंबर भेटला म्हणते?"

"हो. बक्षीस उद्या हाय."

"तुया बापूले दे फोन."

सलोनीने फोन वर धरला. इंद्रजीतने तो कानाला लावला.

"काका," सुरभी म्हणाली, "सराले इचारा ना, मले कितवा भेटला?"

त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी ते ऐकलं होतं. ते हातातली हजेरी उगीच चाळत राहिले.

"थांब बेटा," इंद्रजीत म्हणाला. "इचारून सांगतो."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन कानाला धरून तिकडे उसात उभी राहिली.