अकरा भोकं

रंगाऱ्याच्या हातात कसब होतं, पण जीभ काही ताब्यात नव्हती. भाड्याची खोली सोडायच्या आधी त्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून भिंती अशा करून ठेवल्या की खुद्द मालकालाही आपली खोली ओळखू येऊ नये. सामान खाली टेम्पोत चढलं होतं, म्हातारी आई पुढच्या सीटवर बसली होती. संध्याकाळपर्यंत डिपॉझिट हातात पडलं नाही तर चावी दुसऱ्याला देईन, असं नव्या घरमालकिणीने बजावलं होतं. म्हणजे सगळी भिस्त या जुन्या डिपॉझिटवर.

मालककाका आले. नळ फिरवून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या, संडासातही डोकावले. खोड काढायला जागाच सापडेना, तेव्हा बिचारे हिरमुसले. एवढ्यावर हा गप्प राहिला असता तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण नाही! केलेल्या कामाला दाद नको का? बायको मागून शर्ट ओढत होती, तरी याने काकांचा हात धरून भिंतीवरून फिरवला.

"काका, इथे अकरा भोकं होती. स्क्रूची. एक तरी सापडतंय का बघा."

काकांनी चष्मा लावला. एकही सापडलं नाही. मग त्यांनी खिशातून करारनामा काढला आणि भिंतीला भोक पाडायचं नाही, हे कलम शांतपणे वाचून दाखवलं. बुजवलं म्हणून पाडलंच नाही असं होत नाही, म्हणाले. भिंत आतून खिळखिळी झाली, आता डिपॉझिट विसरायचं.

रंगाऱ्याने समजावलं, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. काका म्हणाले, खुशाल तक्रार कर, स्वतःच्या तोंडाने कबूल केलंयस, साक्षीला तुझी बायकोच आहे. तिला रडू फुटलं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

खोलीची चावी खिशात टाकून काका दारापर्यंत गेले आणि थांबले.

"काम मात्र झकास केलंस हं. वरच्या दोन खोल्याही रंगवायच्यात. येशील?"

त्यांचं नरडं धरावं असं रंगाऱ्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याने खिडकीतून खाली पाहिलं. आई पदराने वारा घेत होती.

"थोडे पैसे आगाऊ मिळतील का, काका?"

"आधी काम. मग बघू."

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. कुठून येणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.