तांबडा गाभा

नेमिनाथनं गाजराचं शेपूट विळ्यानं उडवलं आणि काप उन्हाकडे धरला. गाभासुद्धा लालभडक. पिवळेपणा औषधालाही नव्हता. त्यानं तुकडा चावून गोडी पाहिली आणि तुऱ्याकडचा भाग बियाण्याच्या पाटीत टाकला. तो परत मातीत लावायचा, फुलला की त्याचं बी धरायचं. बहात्तरच्या दुष्काळात पलूसची पोरं रातांधळी होऊन दिवेलागणीला भिंतींवर आदळायला लागली, तेव्हापासून दर हिवाळ्यात त्याचं हेच चाललं होतं. पाठ पार कामातून गेली होती.

"आप्पा, काल तिन्हीसांजंला आमच्या नातीनं कोंबड्या धरून डालल्या," खुरपायला आलेली साळूबाई म्हणाली. "एक बी सुटली न्हाई. तुमच्या गाजरांनी डोळं दिलं बगा तिला."

"मग झालं तर."

हसायचंही त्राण नव्हतं, पण त्याला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

घरी निघताना त्यानं विहिरीवर खळखळून चूळ भरली. जमिनीखालचं काही खायचं नाही, असा नेम त्याच्या बायकोनं, गुणमालानं, लग्नाआधीच जैन बस्तीत मुनीमहाराजांपुढे घेतला होता. नवरा चवीपुरतं चावतो आणि चूळ भरून येतो, हे तिला ठाऊक होतं. दोघांनी त्यावर कधी शब्द काढला नव्हता. पाटी गोठ्यात ठेवून तो आत आला.

दिवस बुडायच्या आत दोघं जेवली. मग गुणमाला रोजच्यासारखी जपाची माळ घेऊन भिंतीला टेकली. अंधार पडल्यावर ती जागची हलत नसे. बायका तिच्या भक्तीचं कौतुक करायच्या, आणि खरं सांगायचं तर नेमिनाथलाही त्याचा अभिमान होता.

आज तिच्या हातून माळ निसटली. पडली ती तिच्या पायाशीच, कंदिलाच्या उजेडात. गुणमाला मात्र भलतीकडेच चाचपडत राहिली.

नेमिनाथ बघत राहिला. मग उठून त्यानं माळ तिच्या हातात दिली.

"कवापास्नं हे?"



"गेल्या हिवाळ्यापास्नं."

"आगं, गावाच्या पोरांचं डोळं तपासत हिंडतोय मी! मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर तुमी गाजर खा म्हनला असता. मी न्हाई म्हनले असते." तिनं माळ मुठीत आवळली. "मग तुमाला ती बियान्याची पाटी परत उचलवली असती का?"

त्याला चीड आली. तिची आली, तिच्या नेमाची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली.

"उद्या सांगलीला डाक्टरकडं जायचं," तो म्हणाला. "नेम मोडायला लावनार न्हाई मी."

"बरं," ती म्हणाली.

सकाळी एसटी धरायच्या आधी तो शेतात गेला. गाजरं लावायला वाफे तयार होते. साळूबाई पाटी घेऊन आली, तसा तो विहिरीजवळच्या चांगल्या वाफ्यांपुढे आडवा उभा राहिला.

"हितं नगं. तुज्या परड्यातल्या तांबड्या भोपळ्याचं बी हाय का गं?"

"हाय की. पर त्यो आतनं फिकाच निघतोय."

"निघू दे."

"आवं आप्पा, गाजराचं आत्ता कुठं जमलंय. आन् आता भोपळा?"

"त्यो मातीखाली न्हाई, येलाला लागतो," नेमिनाथ म्हणाला आणि कमरेवर हात ठेवून सावकाश खाली बसला.