बाबुरावांचा खाडा

बाबुराव दहा दिवस गप्प बसायला इगतपुरीला गेले, आणि त्याच आठवड्यात आमच्या चाळीत माणसं मोजायला सरकार आलं.

सरकार म्हणजे वैदेही मॅडम. वय तिशीच्या आतबाहेर, कॉटनची साडी, खाली स्पोर्ट्स शूज आणि हातात टॅब. नायगावच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्याची खोली, त्याला फ्लॅट. फक्त तो माणूस त्या खोलीत खरंच राहतो, हे सरकारला दिसलं पाहिजे. त्यासाठी दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत जो शेरा पडेल तो पक्का.

पहिल्या फेरीत त्रेचाळीस नंबरच्या खोलीला, म्हणजे बाबुरावांच्या खोलीला कुलूप होतं. चावी शेजारच्या बकुळाकाकीच्या कमरेला, आणि काकी भाजी आणायला मार्केटात. मॅडमनी खिडकीतून डोकावून पाहिलं. मीही पाहिलं. बाबुरावांनी जाताना खोली अशी आवरली होती की, मलाही ती रिकामी वाटली. गादी गुंडाळून वर. भांडी पालथी. ओटा कोरडा ठक्क. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली मालनकाकींचा, म्हणजे बाबुरावांच्या बायकोचा फोटो. मालनकाकी जाऊन सहा वर्षं झाली. बाकी खोलीत माणूस राहत असल्याची एक खूण नाही.

"हे व्हेकंट दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

"व्हेकंट नाही मॅडम," मी म्हणालो. "अॅबसेंट."

"फरक काय?"

माझ्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात मला पगारी प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी फुकट विचारला होता. मी लोअर परळला एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. माझं काम म्हणजे जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे इंग्रजी शब्द लावणं. आलेल्यांचं दुसरी मुलगी बघते. घरी अजून कोणाला हे काम समजलेलं नाही. आई लोकांना सांगते, "कॉम्प्युटरवर असतो."

"अॅबसेंट म्हणजे जागा त्याचीच आहे, आज तो नाही," मी म्हणालो. "व्हेकंट म्हणजे जागा आहे, पण ती कोणाचीच नाही. मिसिंग म्हणजे तो कुठाय ते कोणालाच माहीत नाही, पण कोणीतरी शोधतंय. शोधणारे दमले की नॉट ट्रेसेबल. न सांगता गेला आणि आपण चिडलो, की अॅबस्काँडिंग."

"आणि लॉक्ड?"

"ते दरवाज्याबद्दल आहे मॅडम. त्यात माणसाचा काही संबंध नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग टॅबवरची यादी खालीवर केली. तिथे हे सगळे शब्द इंग्रजीत ओळीने उभे होते. "आज मी लॉक्ड टाकते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी अकरा वाजता परत येईन. अॅबसेंट पडलं तर नाव यादीत राहतं, महिन्याभरात कागद घेऊन ऑफिसला यायचं. व्हेकंट पडलं की नाव कट. आणि शेजारी सांगतात म्हणून मला काही लावता येत नाही. खोली बघून लावायचं असतं. खोली राहती दिसायला हवी."

बकुळाकाकी आली तेव्हा मॅडम खालच्या मजल्यावर पोचल्या होत्या. मी सगळं सांगितलं. काकीने पिशवी तिथेच पॅसेजमध्ये ठेवली आणि ती पिशवीशेजारी बसली.

"फोन लाव त्यांना."

"फोन जमा करून घेतात काकी. आणि बोलायचं नसतं दहा दिवस."

"ऑफिसातनं निरोप देतील की."

देतील. पण प्रश्न तो नव्हता. बाबुराव तिसऱ्यांदा विपश्यनेच्या शिबिराला गेले होते. पहिल्यांदा मालनकाकींचं दुखणं निघालं म्हणून तिसऱ्या दिवशी परत आले. दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला म्हणून आम्हीच बोलावलं. या वेळी जाताना चावी देत त्यांनी काकीला बजावलं होतं, "बकुळा, चाळ पडली तरी बोलवायचं नाही."

"चाळ पडणारच आहे," मी म्हणालो. "त्याचीच तर मोजणी चालू आहे."

"गप रे सम्या," काकी म्हणाली. "बोलवायचं नाही म्हणाले ना, मग नाही बोलवायचं. एवढं एक तरी पुरं होऊ दे माणसाचं."

तोडगा अप्पांनी काढला. अप्पा ऐंशीचे, कोपऱ्यातल्या खोलीतले, बाबुरावांच्याच मिलमधले. मिलच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिच्या सातव्या मजल्यावर मी बसतो. अप्पा पॅसेजमधल्या स्टुलावर बसतात आणि सगळं ऐकू येत नाही असं दाखवतात.

"खाडा पडला म्हणा ना सरळ," अप्पा म्हणाले. "आमच्यात एखाद्याचा खाडा पडला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली उभा करायचे. साचा चालू राहायचा. मालक खूष, कामगार आपल्या गावी खूष. बाबुराव स्वतः सात वर्षं बदली होता."

"मग?"

"मग कायम झाला. वर्षभरात संप."

"तसं नाही अप्पा, मग आता काय करायचं?"

"बदली उभा करा. खोली चालू ठेवा."

हे बोलून अप्पांनी डोळे मिटले. मीटिंग संपली.

आमच्या चाळीत कोणी गावाला गेलं की शेजारी पाणी भरून ठेवतात, दिवा लावतात, कुंडीला पाणी घालतात. ही जुनी रीत आहे. पण एकाच खोलीचं काम अख्ख्या मजल्याने अंगावर घेतलं, असं पूर्वी झालं नव्हतं. शुक्रवारी सकाळी आठला काकीने कुलूप उघडलं आणि आपलं भरलेलं पिंप आत ठेवलं. तिथवर सगळं रीतसर होतं. मग समोरच्यांनी आपला कुकर आणून चढवला, कारण शिट्टी झाली की घर वाटतं. कोणीतरी ओले कपडे आणून वाळत घातले. ते बघून दुसऱ्यांनी आपले आणले. दहा वाजता त्या दहा बाय सोळाच्या खोलीत दोरीवर, खिडकीच्या गजांवर, कपाटाच्या दारावर आणि बंद पंख्याच्या दोन पात्यांवर कपडे होते. पोलीस भरतीचा एक ट्रॅकसूट अजून जागा शोधत होता. जागा मिळालेल्यांत तीन साड्या आणि एक लंगोट.

"लंगोट कोणी आणला?" मी विचारलं.

सगळ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.

संघर्ष, म्हणजे माझ्या मागच्या खोलीतला, जो लग्नात डीजे लावतो, त्याने स्पीकर आणला. त्याच्याकडे त्याच्या मामांच्या खोकल्याचं रेकॉर्डिंग होतं. का होतं, ते विचारायला वेळ नव्हता. "बाथरूममधून लावतो," तो म्हणाला. "मॅडमना वाटेल, आत आहेत."

"आपल्या खोल्यांना बाथरूम नाही संघर्ष. कॉमन आहे. पॅसेजच्या टोकाला."

"मग कपाटातून लावतो."

काकी मध्ये उभी राहून सगळ्यांना जागा दाखवत होती. "ट्रॅकसूट तिकडे टाक. ए, त्या खुंटीला नाही! ती बाबुरावांची आहे." दाराच्या उजव्या हाताला, मालनकाकींच्या फोटोच्या बरोबर खाली एक लाकडी खुंटी आहे. बाबुराव बाहेरून आले की शर्ट तिथे जातो. ट्रॅकसूटवाल्याने मुकाट्याने ट्रॅकसूट पंख्याच्या तिसऱ्या पात्यावर टाकला.

अकराला पाच कमी असताना मी खोलीकडे पाहिलं आणि माझ्यातला एचआर हादरला. बाहेर चपलांचे अकरा जोड. आत अकरा माणसं. कुकर शिट्टी मारतोय, कपाट खोकतंय.

वैदेही मॅडम दारात आल्या. त्यांनी आधी चपला मोजल्या, मग माणसं.

"बाबुराव कोण यात?"

अकरा जण एकमेकांकडे बघायला लागले. जणू कोणीतरी हात वर करेल.

"तुम्ही सगळे इथे राहता?"

"नाही मॅडम," काकी घाईने म्हणाली. "पण राहती दिसली पाहिजे म्हणालात ना. म्हणून आम्ही."

"त्या दिवशी खोली व्हेकंट दिसत होती," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आज मला दुसरा शेरा टाकावा लागेल. अनधिकृत वापर. खोली दुसऱ्यांना दिली, असं होतं ते. त्यातही नाव कटच होतं."

कपाट खोकलं.

"संघर्ष, बंद कर," मी म्हणालो.

संघर्षने कपाट उघडून स्पीकर बंद केला. कुकरसुद्धा थांबला. काकीचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिला भांडायचं असेल तर ती आधी पदर खोचते. आता तिने पदर नुसता हातात धरला होता. "बाई, आमची अक्कल," ती हळू म्हणाली. "त्यांचं नाव नका कापू. ते आल्यावर मी काय तोंड दाखवू?"

मॅडम टॅब धरून तशाच उभ्या राहिल्या. मग खांद्याची पर्स काढली. सकाळपासून चार मजले चढून त्यांचा खांदा दुखत असावा. त्या ती दाराशेजारच्या खुंटीला लावायला गेल्या.

"तिथे नको!" अकरा जण एकदम ओरडले.

मॅडमनी हात मागे घेतला. "का?"

"ती बाबुरावांची आहे."

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. दोरी भरलेली, गज भरलेले, पंखा भरलेला, कपाटाचं दार भरलेलं. एका साडीचं टोक तर पिंपातल्या पाण्यात बुडायला टेकलं होतं. आणि दाराशेजारी ती खुंटी, मोकळी.

"पंख्यावर चड्ड्या टाकल्यात," त्या म्हणाल्या, "आणि इथे एक रुमाल नाही?"

दारातून अप्पांचा आवाज आला. ते स्टूल घेऊन दारापर्यंत सरकले होते. "बदली साच्यावर उभा राहतो बाई. कायमवाल्याच्या खुंटीला आपला डबा लावत नाही. लावला तर तो मालक झाला. मग पहिल्याने परत कुठे यायचं?"

मॅडमनी पर्स परत खांद्याला लावली. मग माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणालात त्या दिवशी? जागा त्याचीच आहे..."

"आज तो नाही," मी म्हणालो.

त्यांनी टॅबवर बोट टेकवलं. मी वाकून पाहिलं. अॅबसेंट. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पुढच्याच क्षणी टॅबने फोटो मागितला.

"कोणाचा?" काकीने विचारलं.

मॅडमनी वाचलं. "टेनंटचा."

"तो अॅबसेंट आहे," मी म्हणालो.

"हो. अॅबसेंट असेल तरी फोटो कंपल्सरी आहे."

सरकारला गैरहजर माणसाचा फोटो हवा होता. आमच्या कंपनीत आलेल्या माणसाचासुद्धा कोणी काढत नाही. मॅडमनी थोडा विचार केला. "त्या खुंटीचा काढते. बाकी कोणी मध्ये येऊ नका."

दहा बाय सोळामध्ये अकरा माणसांनी मध्ये न येणं सोपं नसतं. सहा जण ओट्याखाली बसले. तिघे कपाटाला चिकटले. संघर्ष कपाटात गेला. मी पिंपामागे. मॅडमनी फोटो काढला. टॅब म्हणाला, चेहरा सापडला नाही.

"नाहीच आहे तर सापडेल कसा?" ओट्याखालून कोणीतरी म्हणालं.

"गप बस, हलतंय," काकी म्हणाली.

मॅडम एक पाऊल मागे गेल्या. खुंटी छोटी झाली आणि वरची फ्रेम चौकटीत आली. मालनकाकींच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन उमटला. टॅबने टिंग केलं आणि फोटो घेतला.

काकीने डोळे पुसले आणि मग पुसले नाहीत असं दाखवायला पदराने पिंप पुसलं.

"सहा वर्षांत पहिल्यांदा सरकारी कामाला आली," अप्पा म्हणाले.

मॅडमनी पावती माझ्या फोनवर पाठवली. जाताना त्यांना चहा दिला. तो त्यांनी पॅसेजमध्ये उभ्यानेच घेतला. आत बसायला जागा नव्हती.

बाबुराव सोमवारी दुपारी आले. चेहरा पांढऱ्या कपड्यासारखा स्वच्छ आणि आवाज बारीक, वापर नसल्यामुळे. तोवर खोली आम्ही होती तशी केली होती, पण पंख्याचं एक पातं वाकलं होतं. काकीने त्यांना सगळं एका दमात सांगितलं. दहा दिवस न ऐकलेलं त्यांनी दहा मिनिटांत ऐकलं.

"खोकला कोणाचा होता?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"माझ्या मामाचा," संघर्ष म्हणाला.

"मी कधी खोकतो रे?"

मी फोनवरची पावती दाखवली. अॅबसेंट. नाव यादीत कायम. खाली फोटो. मोकळी खुंटी आणि वर मालनकाकी, हिरव्या चौकोनात. बाबुरावांनी फोन हातात घेतला आणि लांब धरला. पुन्हा शिबिरात गेल्यासारखे गप्प झाले. आम्हीही गप्प राहिलो. आम्हाला ते तेवढं जमत नाही, पण राहिलो.

"फ्रेम वाकडी आलीय," ते शेवटी म्हणाले.

उठले, भिंतीवरची फ्रेम सरळ केली. मागे होऊन बघितली, परत किंचित सरळ केली. मग अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर खाली बसले. काकीने कमरेची चावी काढून पुढे धरली.

"ठेव तुझ्याकडेच," बाबुराव म्हणाले. "पुढचं शिबिर वीस दिवसांचं असतं."

"आधी चाळ पडू दे," काकी म्हणाली. "मग जा."