तंबूपाशी कोण थांबणार?

या मित्रांनो, जरा जवळ सरका. वाऱ्याकडे पाठ करून बसा, म्हणजे माझं बोलणं उडून जाणार नाही. एक गोष्ट सांगतो. तिच्यात एक वारा आहे, एक विहीर आहे आणि एक बाई आहे.

मी एक जुना तंबू आहे. जाड सुती कापडाचा, एके काळी गाजराच्या रंगाचा. ऑनोरीन आणि बाझील यांचं नवं लग्न झालं होतं, तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. ती फिती विणण्याच्या कारखान्यात कामाला, तो कुलपं दुरुस्त करणारा. मी कुठे उसवलो की ऑनोरीन तिथे रंगीत फीत शिवायची. माझ्या दोऱ्यांनाही तिने फिती बांधल्या, तिन्हीसांजेला कुणी अडखळू नये म्हणून. आज माझ्या अंगावर कापड किती आणि फीत किती, हे मलाही सांगता येणार नाही.

दर ऑगस्टमध्ये डोंगरातलं घर सोडून आम्ही दक्षिणेला कामार्गला यायचो. समुद्र, मीठ आणि दलदल यांनी मिळून केलेला तो मुलूख. पहिल्याच उन्हाळ्यात ही दोघं आर्ल गावातलं रोमन लोकांचं रिंगण बघायला गेली आणि मागे मिस्त्राल सुटला. हा उत्तरेचा वारा मोठा उद्धट. त्याने माझ्या खुंट्या उपटल्या आणि मला लव्हाळ्यात नेऊन टाकलं. तिथले रोहित पक्षी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्याच कुळातला एखादा जाडजूड पाहुणा उतरला आहे.

त्या दिवशी बाझीलने नियम केला की तंबू एकटा सोडायचा नाही, कुणीतरी थांबायचं. हे कुणीतरी कोण, ते कुणी ठरवलं नाही. दर वेळी ती ऑनोरीनच निघाली, एवढंच.

मित्रांनो, माझा स्वभाव भारी चौकस. पण तंबूचं नशीब असं की त्याला गावाबाहेर उभं राहावं लागतं. एग-मोर्त गावाची तटबंदी मी बाहेरून पाहिली. सेंत-मारी गावातल्या किल्ल्यासारख्या ख्रिस्ती देवळाची घंटा मला दलदलीपलीकडून नुसती ऐकू यायची. आत काय असेल? फरशी गार असेल का? लोक कुठे गुडघे टेकत असतील? ऑनोरीनलाही हेच प्रश्न पडायचे. दिवसभर आम्ही दोघं बगळे बघायचो, दूरच्या काळ्या बैलांचं हंबरणं ऐकायचो. संध्याकाळी बाझील आणि लेक सिदोनी परतले, की ती शिंपल्यांचं पातेलं चुलीवर चढवून त्यांना विचारत सुटायची. तुमच्याकडे कीर्तनात पुढे बसलेला श्रोता कसा बुवांच्या तोंडाकडे बघत असतो, तशी ती बघायची. मीही माझा पडदा जरा उघडा ठेवून ऐकायचो.

अशी वर्षं गेली. सिदोनी मोठी झाली. ऑनोरीनचे गुडघे कुरकुरू लागले. मग एका उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता जमिनीवर झोपणं पुरे. म्हणजे ती आमची शेवटचीच खेप होती.

घरी परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वाद पेटला. सेंत-मारीच्या देवळात आतच एक गोड्या पाण्याची विहीर आहे. बाझील म्हणे ती डावीकडे, सिदोनी म्हणे उजवीकडे.

"बाबा, कपाळावरचा चष्मा तुम्हाला सापडत नाही, विहीर कुठून आठवणार?"

"आईला विचार. तिला सगळं पाठ असतं."

ऑनोरीन पाव कापत होती. "मला काय विचारता? मी कुठे पाहिलीय ती?"

बाझील हसला. "चेष्टा करू नकोस. दर वर्षी जातो आपण."

"तुम्ही जाता. मी इथे असते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती पाव कापत राहिली. बाझीलच्या हातातलं ऑलिव्ह मात्र तसंच राहिलं. मलाही त्याच घटकेला कळलं, मित्रांनो. दोऱ्यांनी बांधलेला मी दिसत होतो, पण इतकी वर्षं मी तिला बांधून ठेवलं होतं.

"उद्या दुपारी निघायचंय," बाझील म्हणाला. "सकाळी तू सिदोनीबरोबर जा. मी थांबतो."

आणि सकाळी नेमका मिस्त्राल. बाझील टोपी हनुवटीखाली बांधून, माझी दोरी धरून खुर्चीत बसला. ऑनोरीन निळा झगा घालून निघाली, थोडी चालली आणि परत फिरली.

"तुझ्याशिवाय बघितली, तर डावी-उजवीवरून भांडू कुणाशी?"

असं म्हणून तिने कण्हत वाकून माझी एक खुंटी उपटली. मग दुसरी.

"अगं, हे काय करतेस?"

"तंबू उभाच नसला, तर उडेल कसा?"

जन्मभर लोकांची कुलपं उघडणारा तो माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

माझी गुंडाळी झाली. सिदोनीने मला मोटारीत टाकलं. गावाजवळ उतरल्यावर बाझील घुटमळला. चोर मोटारीच्या काचा फोडतात इथे, याला एकटा कसा टाकायचा? सिदोनी हसून हसून रस्त्याच्या कडेलाच बसली. शेवटी पाण्याचे डबे आणायच्या दोनचाकी गाडीवर घालून त्याने मला ओढत देवळापर्यंत नेलं. दारातली बाई म्हणाली, सामान आत न्यायचं नाही.

"बाई, हे सामान नाही," ऑनोरीन म्हणाली. "हाही माझ्यासारखाच इतकी वर्षं बाहेर थांबलाय."

बाईने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

आत वारा नव्हता. मेणाचा वास होता आणि धर्मगुरू गाऊन देवाचं वचन सांगत होते. मला भाषा कळली नाही, पण सूर माझ्या विणीविणीत उतरला. ऑनोरीन विहिरीच्या काठावर हात टेकून किती तरी वेळ वाकून उभी राहिली.

"किती खोल असेल रे?"

बाझील हळूच म्हणाला, "मी कधी वाकून पाहिलंच नाही." आणि तोही तिच्याशेजारी वाकला.

विहीर डावीकडे की उजवीकडे, ते मी सांगणार नाही. जा आणि बघा.

आता ऑनोरीन नाही. मी एरवी सिदोनीच्या माळ्यावर असतो, आज तिने ऊन दाखवायला बाहेर काढलंय. ओला गुंडाळून ठेवल्यामुळे एका कोपऱ्याला बुरशी धरली आहे. मित्रांनो, तुमच्या घरात एखादा तंबू असेल, तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा. आणि सगळे मिळून काही बघायला निघालात, की दारातून एकदा मागे वळून पाहा. कुणीतरी थांबायला हवं म्हणून कुणी थांबलेलं असेल. ते माणूस दिसलं, की माझ्या ऑनोरीनची आठवण काढा, आणि आधी खुंट्या उपटा.