मला वगळून छापलेला मथळा

मी एक जुना खिळा आहे. थांबा, मित्रांनो, हातोडी शोधू नका! मी भिंतीत ठोकायचा खिळा नव्हे, छापखान्यातला. वर्तमानपत्र छापायचे तर प्रत्येक अक्षराचा शिशाचा एकेक ठसा लागतो. त्याला खिळा म्हणतात. खिळ्याशेजारी खिळा उभा करून शब्द जुळवायचे, त्यांवर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा, की झाली बातमी! माझ्या डोक्यावर अक्षर आहे 'ळ'. तोही बारीक टाइपातला नव्हे, मथळ्याचा. चांगला अंगठ्याएवढा.

थोडा तोरा आहे माझ्यात, खोटे कशाला सांगू? बाळ, फळ, आभाळ, चळवळ, सगळीकडे माझे काम पडते. मी नसतो तर तुमच्या गुळाचा गुल झाला असता!

माझा जन्म सन एक्केचाळीसचा, गिरगावातल्या एका खिळे ओतणाऱ्या कारखान्यातला. तापलेले शिसे साच्यात पडले, चर्र झाले आणि मी बाहेर आलो. अजून अंग गरम होते तोच मला पेटीत भरले आणि पनवेलला धाडले. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर बाजारात, दयारामभाऊंचा छापखाना होता. तिथून ते 'गाढीवार्ता' नावाचे साप्ताहिक काढत. गाढी ही आमच्या पनवेलची नदी, म्हणून ते नाव. ज्यांच्याविरुद्ध काही छापून येई, ते लोक त्याला 'गाढववार्ता' म्हणत, ही गोष्ट वेगळी.

मथळ्याच्या खिळ्यांत 'ळ' दोनच होते, मी आणि माझा जुळा भाऊ. जुळारी गणूकाका आम्हाला तळहातावर घेऊन फुंकर मारत आणि मगच ओळीत बसवत. जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा. गणूकाकांचे शुद्धलेखन इतके कडक, की लग्नपत्रिकेत चूक सापडली तर नवऱ्या मुलाच्या बापाला चार लोकांत झापायला ते कमी करत नसत.

ते लढाईचे दिवस होते. गोळीबार, दारूगोळा, सैन्यदळ! माझी तर चंगळच झाली. मला उसंत म्हणून नव्हती. आमच्या आसपासच्या आगरी गावांतली कितीतरी तरुण मुले तेव्हा फौजेत गेली होती. लढाई संपली आणि त्यातली काही परत आली. विचुंब्याचा काशिराम ब्रह्मदेशातून हवालदार होऊन आला, छातीवर दोन पदके घेऊन. त्याची बातमी किती आली असेल? बारीक टाइपात दोन ओळी, तांदळाच्या भावाखाली. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. 'काशिराम' या नावात मी कुठे होतो?

सन चोपन्नमध्ये लोकल बोर्डाची निवडणूक आली आणि आमच्या रस्त्यावर नुसती धमाल उडाली! कर्णे, झेंडे, मिरवणुका. एका बाजूला भाताच्या गिरणीचे मालक बळीरामशेट. दुसऱ्या बाजूला हवालदार काशिराम. गावापासून बाजारापर्यंत पावसाळ्यात टिकेल असा रस्ता हवा, एवढे एकच त्याचे मागणे होते. मी कोणाच्या बाजूचा, ते ओळखलेच असेल तुम्ही. बळीरामशेट! माझ्याशिवाय त्यांचे नाव छापताच येत नसे. दर आठवड्याला गिरणीची जाहिरात आणि जाहिरातीत मधोमध मी. असा भाव मला दुसरे कोण देणार होते?

मतदान रविवारी होते. त्याआधीच्या बुधवारी बंदरावर काशिरामची सभा झाली. दयारामभाऊ वही घेऊन गेले आणि हसत परत आले. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो, पण त्यांना बातमीत मसाला जरा जास्त लागे. त्यांनी वहीतले एक वाक्य अर्ध्यावर तोडले आणि गणूकाकांपुढे टाकले. गणूकाकांनी चष्मा वर केला. "हे 'गोली' काय, 'पलालो' काय? अशुद्ध!" असे म्हणून त्यांनी दोन्ही ठिकाणचे 'ल' काढले आणि आम्हा दोघा भावांना उचलले. गुरुवारी अख्ख्या पनवेलने मथळा वाचला:

'गोळी सुटली तसा मी पळालो!' हवालदारांची कबुली.

एका मथळ्यात आम्ही दोघे! मी आनंदाने वेडा व्हायचाच बाकी होतो. अंक हातोहात संपला. संध्याकाळपर्यंत बाजारात एकच हशा पिकला होता. काशिराम बाजारातून चालला होता, तर पोरे मागे लागली, "पळपुटा! पळपुटा!" खिडकीतून मला तो दिसला. त्याने मागे वळून पाहिले नाही. हळूच छातीवरची पदके काढली आणि खिशात टाकली. शुक्रवारी सकाळी बळीरामशेट स्वतः आले. म्हणाले, "दयारामभाऊ, लोकांना फार मजा आली. याचीच भित्तिपत्रकं काढा. 'पळपुट्याला मत नको!'" मी मनात उड्याच मारल्या. आता मी भिंतीभिंतीवर झळकणार!

शेट पायरी उतरतात न उतरतात तोच एक बाई धापा टाकत आत आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात चुरगळलेला अंक. ती होती काशिरामची बायको, भामा.

"कोन हाय संपादक?"

"मी. बसा बाई."

"बसायला नाय आले. काय छापलाय तुमी? कालपासून घरात चूल पेटली नाय. आमचे हे बोलतान, उबा राहत नाय, नाव काढून घेतो. फौजेत सा वरसं कोनाची बात ऐकली नाय त्या मानसानी, नि आता पोरांच्या तोंडी पलपुटा!"

दयारामभाऊ थोडे चिडलेच. "बाई, मी पदरचं काही घातलेलं नाही. 'मी पळालो' असं ते स्वतः बोलले. शेकडो लोकांसमोर."

"बोललेच ते! नाय कुठं म्हनते मी? पलालो बोलले. मी पन आता विचुंब्यावरनं इथपरत पलत आले. नदी ओलांडून पलत आले. मी काय कोनाला भिऊन आले का?"

गणूकाकांच्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांच्या लक्षात आले, मित्रांनो! शहरातल्या माणसाने 'पळालो' वाचले की त्याला वाटते, भिऊन पळ काढला. पण आगरी गावांत पलाला म्हणजे धावला. बस थांबवायला माणूस पलतो, आग विझवायलाही पलतो. आणि आगरी जिभेवर 'ळ' नाहीच मुळी, तिथे सगळा 'ल' असतो. ते 'पलालो' तसेच ठेवले असते, तर निदान वाचणाऱ्याला कळले असते की हा बोलणाऱ्याचा शब्द आहे, तो त्याच्या गावच्या अर्थाने घ्यायला हवा.

"भाऊ, वही काढा," गणूकाका म्हणाले. "वाक्य पुढे काय होतं?"

दयारामभाऊंनी वही उघडली. शिसपेन्सिलीने त्यांनी स्वतःच लिहिले होते, 'गोली सुटली तसा मी पलालो, नि पडलेल्या गड्याला पाठीव घेऊन आलो.' वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला.

"मी शुद्ध केलं," गणूकाका कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि खोटं झालं!"

मलाही शरम वाटली. शिशाच्या खिळ्याला घाम फुटत नाही, नाहीतर मी न्हाऊन निघालो असतो. ज्या मथळ्यावर मी एवढा फुगलो होतो, त्याने एका धाडसी माणसाला आयुष्यातून उठवले होते आणि त्यात मी मधोमध उभा होतो.

दयारामभाऊ म्हणाले, "पुढच्या गुरुवारी दुरुस्ती छापतो. शेवटच्या पानावर चार ओळी."

भामा काही बोलायच्या आत गणूकाका कडाडले. "पुढच्या गुरुवारी? मतदान रविवारी आहे! आणि चार ओळी कशाला? जेवढ्या अक्षरात अब्रू काढली, तेवढ्याच अक्षरात परत करा. नाहीतर हा चिमटा घ्या आणि तुम्हीच जुळवा खिळे!" बारा वर्षांत गणूकाका मालकापुढे असे बोलले नव्हते.

दयारामभाऊंनी टोपी उचलली. "तो पडलेला गडी कोण, बाई?"

"उरणजवलच्या मोऱ्याचा जगन कोली. एक पाय गेलाय त्याचा."

"या वेळी आधी विचारतो, मग छापतो," असे म्हणून ते उरणच्या एस.टी.कडे धावत सुटले. हो, पलालेच म्हणा ना!

शनिवारी सकाळी ते परतले ते जगनला घेऊनच. भाऊंना हवी होती फक्त त्याची हकिगत, पण तो ऐकेना. कुबडी टेकत तो आत आला आणि म्हणाला, "माना इचारा काय ते. त्याच्या पाठीव मी व्हतो. समोरनं गोल्या येत व्हत्या नि दादूस माझ्याकडं पलत आला. बाकी सगली मानसं उलटीकडं पलत व्हती!"

मग जी घाई उडाली म्हणता! जादा अंक काढायचा ठरला. गणूकाकांची बोटे खणाखणांतून भिरभिरत होती. बळीरामशेट भित्तिपत्रके न्यायला आले आणि पाहतात तो काय, एकही छापलेले नाही. ते संतापले. जाहिरात बंद करीन म्हणाले. दयारामभाऊ म्हणाले, "शेट, तुमचंही भाषण छापतोय. दोघांना सारखी जागा, एकही वाक्य तोडणार नाही. आणखी काय बोलायचं असेल तर आत्ता बोला, तेही घेतो." शेट क्षणभर घुटमळले. मग ते खुर्चीवर बसले आणि गिरणीच्या कामगारांबद्दल त्यांनी चार शब्द सांगितले. तेही चांगले होते.

मथळा जुळवायची वेळ आली. मी खणात सरसावून बसलो. आता माझे पाप फेडायची संधी! गणूकाकांचा हात आमच्या खणावर आला. जरा थांबला. आणि शेजारच्या खणात गेला! त्यांनी 'ल' उचलला. मग आणखी एक 'ल'. हवालदाराचे वाक्य त्याच्याच शब्दांत, शेवटच्या शब्दापर्यंत छापायचे, असे त्यांनी ठरवले होते:

'गोली सुटली तसा मी पलालो, नि पडलेल्या गड्याला पाठीव घेऊन आलो.'

अक्षरे तेवढीच मोठी, पान तेच पहिले. साऱ्या मथळ्यात 'ळ' एकही नाही! पनवेलच्या इतिहासातला सर्वांत मोठा मथळा आणि मी कोरडाच खणात बसलेलो. पण खरे सांगतो, मित्रांनो, इतका आनंद मला कोणत्याच मथळ्यात उभे राहून झाला नव्हता.

आमचे छापयंत्र पायाने चालणारे. खाली पट्टी दाबत राहायची, वर चाक फिरते. जगन म्हणाला, "पाय एकच लागतो ना? मंग माजा घ्या!" त्याला उंच स्टूल दिले आणि पहिले शंभर अंक त्या एका पायावर निघाले. खटाक-खट, खटाक-खट! भामा ओले अंक दोरीवर टाकत होती. बाहेर गर्दी वाढत चालली होती. पहिला अंक कोणीतरी मोठ्याने वाचला आणि शेवटचा शब्द येताच टाळ्या पडल्या.

रविवारी काशिराम मत द्यायला बाजारातून निघाला. भामाने पदके पुन्हा त्याच्या छातीवर लावली होती. कालपरवाची ती पोरे पुन्हा मागे आली, पण या वेळी ती ओरडत होती, "काका, पलून दाखवा! पलून दाखवा!" चाळिशीच्या घरातला तो करारी माणूस थांबला. इकडेतिकडे पाहिले. मिशीत हसला. आणि धोतर खोचून असा सुटला, म्हणता! पदके खणखणत होती, मागून पोरे, पोरांमागून अर्धा बाजार. आपल्या गिरणीच्या पायरीवर उभे राहून बळीरामशेटही हसत होते.

तर जिंकला का काशिराम? नाही. सव्वीस मतांनी हरला. जादा अंक जिथे जिथे गेला, तिथे त्याला भरभरून मते पडली. खाडीपलीकडच्या तीन गावांत मात्र गुरुवारचाच अंक पोचला होता. शनिवारचा पोचला तो मतपेट्या बंद झाल्यावर.

दयारामभाऊ माफी मागायला विचुंब्याला जायला निघाले, तोच काशिराम स्वतः छापखान्यात आला. भाऊ हात जोडून उभे राहिले. काशिरामनेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एक दीस कमी पडला, भाऊ. पुढच्या खेपंला आदी इचारा." मग त्याने गणूकाकांना विचारले, "तो तुमचा शुद्धवाला खिला कंचा?" गणूकाकांनी मला त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने मला उलटसुलट पाहिले, माझे अक्षर जिभेवर घोळवून पाहिले. "ल... ल्ल... नाय बाबा, यो आमच्या तोंडात बसत नाय!" सगळे खो खो हसले. त्या खरबरीत हातावर मी किती वेळ होतो कोण जाणे. मला खाली उतरावेसे वाटत नव्हते.

या गोष्टीला आता तेरा वर्षे झाली. माझा जुळा भाऊ मोडला. माझीही कड झिजली आणि छापखान्यात नवे खिळे आले. जुने शिसे वितळवायला धाडले, तेव्हा गणूकाकांनी मला तेवढे मागे ठेवले. आता मी खिडकीत त्यांच्या तपकिरीच्या डबीशेजारी असतो. कामाला कोणी घेत नाही, पण रस्ता छान दिसतो. तो विचुंब्याकडून येणारा रस्ता अजून पक्का झालेला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या बातम्या लिहील, कोणी छापील, कोणी नुसत्याच चार लोकांत सांगेल. दुसऱ्याचे बोलणे आपल्या सोयीने तोडू नका आणि आपल्या ऐटीसाठी सुधारू नका. तुमच्याही गावात एखादा जुना शिपाई असेल. पारावर बसलेला, फारसे न बोलणारा. त्याच्याकडे जा, त्याला विचारा, "काका, मग पुढे काय झालं?" आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत उठू नका.